वाचकांचे प्रश्न : पाटी वाचून लोक उलटंच का वागतात?

प्रश्न : आमच्या सोसायटीत 24 घरं आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून सांगून थकलो. शेवटी जिन्यात पाटी लावली : 'बरेच सभासद कचरा वेगळा करत नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.' झालं भलतंच! नेमाने करणाऱ्या दोन-तीन घरांनीही सोडून दिलं.
– सोसायटीचे सचिव, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : घात पाटीनेच केला. तुम्ही जोर 'लाजिरवाणी'वर दिलात, लोकांनी वाचलं 'बरेच'. काय करायला हवं आणि बाकीचे काय करतात, या दोन्हींकडे माणसाचं लक्ष असतं. दोन्ही जुळत नसली की बहुधा तो बाकीच्यांमागे जातो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. जीवाश्म लाकडाचे खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवले. 'आजवर अनेकांनी लाकूड नेलं, त्याने उद्यानाची हानी झाली' अशी पाटी होती तेव्हा 7.92 टक्के तुकडे चोरीला गेले. नुसती 'कृपया लाकूड नेऊ नका' अशी विनंती होती तेव्हा 1.67 टक्के.

पाटी आजच काढा. मग आठवडाभर मोजणी करा. कचरा उचलणाऱ्या मावशींना फ्लॅट नंबरांचा कागद द्या, वेगळा कचरा आला की त्यांनी खूण करायची. गणपती-दिवाळीचा आठवडा टाळा, तेव्हाचा कचरा नेहमीसारखा नसतो. समजा 17 घरं निघाली, तर लिहा : '24 पैकी 17 घरं कचरा वेगळा देतात. आभार!' ओळ एकच, अक्षर मोठं. पाटी नोटीस बोर्डावर नको, डब्यांच्या वर हवी, कारण डबा ओतायच्या क्षणी ती दिसली पाहिजे.

निम्म्याहून कमी घरं निघाली तर एकूण आकडा झाकून ठेवा आणि वाढ सांगा : 'गेल्या महिन्यात 6 घरं होती, आता 9.' आकडा फुगवू मात्र नका. घंटागाडीवर कोण काय ओततं हे सगळा जिना बघतो. एकदा खोटं उघडं पडलं की पुढची पाटी कोणी वाचत नाही.

'आभार' हा शब्दही शोभेला नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये घरोघरी शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवला, तेव्हा जास्त वापरणाऱ्यांनी कमी केला. पण आधीच कमी वापरणाऱ्यांचा वाढला. त्यांच्या चिठ्ठीवर नुसता हसरा चेहरा काढला, तर ही वाढ थांबली. 2007 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. तुमची सुटलेली दोन-तीन घरं याच गटातली. त्यांना कोणी शाबासकी दिली नव्हती. आणि न करणाऱ्यांची नावं लावण्याच्या फंदात पडू नका. त्यातून भांडण मिळतं, ओला कचरा नाही.

प्रश्न : कामगारांना मशीनचं सेटिंग समजावून विचारतो, 'समजलं का?' सगळे 'हो सर' म्हणतात. तासाभरात माल रिजेक्ट!
– शॉप फ्लोअर इंजिनिअर, अंबड

उत्तर : 'समजलं का?'ला चारचौघांत एकच उत्तर देता येतं. 'नाही' म्हटलं तर स्वतः मठ्ठ ठरायचं, नाहीतर तुम्हाला नीट सांगता आलं नाही असं व्हायचं. त्यांच्या 'हो'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच धरा.

प्रश्न बदला. 'मी काही सांगायचं विसरलो का, बघू. पहिलं माप कुठलं घेणार?' असं विचारलं की परीक्षा तुमची होते. पन्नाशीच्या ऑपरेटरला तुम्ही 'काका' म्हणत असाल तर त्यांना सगळ्यांसमोर पाठ म्हणायला लावू नका. त्यांना 'यात कुठे अडेल?' विचारा. तो मान आहे, आणि खरी अडचण बहुतेकदा त्यांनाच ठाऊक असते. मत घेताना नवख्यापासून सुरुवात करा. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीच्यांच्या माना डोलतात.

हा आपल्याच लोकांचा दोष, असं मात्र समजू नका. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांत अमेरिकी विद्यार्थ्यांनी, गटातले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देत असताना, उघड दिसणाऱ्या रेषांच्या लांबीबद्दल साधारण एक तृतीयांश वेळा चुकीचंच उत्तर दिलं. एक जण जरी बरोबर बोलला, किंवा उत्तर कागदावर लिहून घेतलं, तर हे प्रमाण खूप घसरलं. म्हणून पाळी बदलताना बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या : 'आज कोणती गोष्ट नक्की कळली नाही?' त्यातली एक अडचण दुसऱ्याच दिवशी सोडवून दाखवा, नाहीतर आठवडाभरात कोऱ्या चिठ्ठ्या येतील.

प्रश्न : कंपनी मुंबईच्या यादीप्रमाणे धुळवडीला सुट्टी देते. रंगपंचमीला निम्मा स्टाफ गायब! नोटिशीचा उपयोग नाही.
– एचआर, सातपूर, नाशिक

उत्तर : होणारही नाही. नाशकात रंग रंगपंचमीला खेळतात. शनी चौक, तिवंधा इथल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात ते त्याच दिवशी. शेजारी, भाऊ, मित्र सगळे बाहेर असताना एकट्याने कामावर येणं जड जातं. धुळवडीला एकट्याने रंग खेळायला तरी कोण येणार? सुट्टीची अदलाबदल करा. आधी मतदान घ्या, निकाल आकड्यासह लावा, आणि रंगपंचमीची तारीख पंचांगात पाहून जानेवारीच्या यादीतच छापा. बाहेरगावच्या ज्यांना धुळवडच हवी, त्यांना ऐच्छिक रजा ठेवा.