वाचकांचे प्रश्न : नव्या लॅपटॉपच्या झिणझिण्या, काळा पडदा आणि तापलेली बॅग

या वेळच्या टपालात वेगळं ग्राफिक कार्ड असलेल्या, तगड्या आणि महागड्या लॅपटॉपांविषयीचे प्रश्न जास्त आहेत. बऱ्याच तक्रारींचं मूळ लॅपटॉपमध्ये नसून भिंतीतल्या सॉकेटात, चार्जरमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये आहे. तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हे वाचा.

प्रश्न : नव्या लॅपटॉपचं अंग धातूचं आहे. चार्जिंगला लावला की मनगटाला झिणझिण्या येतात, चार्जर काढला की थांबतात. दुकानदार म्हणतो, ‘सगळ्यांनाच होतं.’ बदलून मागू का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

बदलून आणलेल्या लॅपटॉपलाही त्याच सॉकेटवर तेच होण्याची शक्यता दाट आहे. अ‍ॅडॉप्टरमध्ये विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. सर्किटमधली खरखर इतर उपकरणांपर्यंत जाऊ नये म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. त्याच्यातून अतिसूक्ष्म प्रवाह झिरपतो आणि अर्थिंगच्या वायरीने निघून जातो. अर्थिंग नसेल तर त्याला वाट राहत नाही. लॅपटॉपचं अंग मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं आणि तुमचं मनगट टेकलं की तो प्रवाह तुमच्यातून जमिनीकडे जातो. एवढ्याने जिवाला धोका नसतो, पण अशा स्थितीत टीव्हीची एचडीएमआय केबल लावताना ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो.

आता तपासायचं ते असं. अ‍ॅडॉप्टरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातली आहे का? असेल तर आधी तो काढून टाका. मग एक्स्टेन्शन बोर्ड. स्वस्तातल्या बोर्डांना वर तीन भोकं असतात, पण आत वायर दोनच तारांची, म्हणजे तिसरं भोक नुसतं शोभेचं. चार्जर थेट भिंतीत लावा, मग स्वयंपाकघरातल्या मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावून पाहा (लॅपटॉपची पिन त्यात नीट बसते तेवढं बघा). तिथे झिणझिण्या थांबल्या तर दोष खोलीच्या वायरिंगचा.

यापुढचं काम वायरमनचं, पण त्याने काय मोजायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा ६० किंवा ११० असा काहीतरी येत असेल आणि सारखा हलत असेल तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे. कधी ती फ्लॅटमध्ये तुटलेली असते, कधी सोसायटीच्या मीटररूममध्ये. मीटररूममधली असेल तर कमिटीला पत्र द्या, कारण तीच तार शेजारच्यांच्या गिझरलाही जाते.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. काही जण सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, पण उद्या न्यूट्रल तुटली तर लॅपटॉपच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतील.

काही छोटे अ‍ॅडॉप्टर मुळातच दोन पिनांचे, दुहेरी इन्सुलेशनचे असतात. त्यांच्यावर थोडी झिणझिण राहते, तो दोष नव्हे. तुमचा दीड-दोनशे वॉटचा तीन पिनांचा असणार, त्याला ही सबब लागू नाही.

प्रश्न : १६ जीबी रॅमची एक पट्टी होती, शेजारचा स्लॉट रिकामा होता. १६ची दुसरी डीडीआर५ पट्टी आणून बसवली. आता पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. पट्टी खराब की लॅपटॉप गेला?
— एक वाचक, ऐरोली

बहुधा दोन्ही नाही. तुम्ही किती वेळ थांबलात? डीडीआर५ची नवी पट्टी दिसली की लॅपटॉप पहिल्यांदा तिच्याशी वेळ जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्याला काही मिनिटं सहज लागतात. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि माणूस घाबरून पॉवरचं बटण दाबून ठेवतो. मग सगळं पहिल्यापासून. चार्जर लावा, चालू करा आणि दहा मिनिटं हात लावू नका.

तरीही काही नाही झालं तर बंद करून चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी जोडलेली असताना रॅम काढली-घातली तर बोर्ड जाऊ शकतो. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवा. आता पट्टी पाहा. ती साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवायची असते. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाल्यावरच खाली दाबायची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चापा ‘टक’ करून बसतात. एकच चाप बसली असेल, तर तुमचं दुखणं तिथेच आहे. बसूनही चालेना तर जुनी पट्टी काढा आणि नवी एकटी जुन्या स्लॉटमध्ये घालून पाहा. चालली तर पट्टी चांगली, संशय दुसऱ्या स्लॉटवर.

डीडीआर४ची पट्टी चुकून आली असती तर ती बसलीच नसती, तिची खाच वेगळ्या जागी असते. ५६०० वेगाची आणि ४८०० वेगाची पट्टी जोडीने चालते, पण दोन्ही ४८००नेच धावतात. चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’ उघडा. तिथे वेग आणि किती स्लॉट भरले आहेत ते दिसतं.

पैसे फुकट गेले नाहीत हेही सांगतो. एकाच पट्टीवर चालणारा लॅपटॉप मेमरीचा अर्धाच रस्ता वापरत असतो. दोन पट्ट्यांनी दोन्ही मार्गिका खुल्या होतात आणि गेममध्ये, व्हिडिओ एडिटिंगमध्ये फरक जाणवतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा इतर वाचकांनी विकत घेण्याआधी आपली रॅम बोर्डावर डाक दिलेली (सोल्डर केलेली) तर नाही ना, हे बघून घ्यावं. नावात ‘एलपीडीडीआर’ असेल तर ती बहुतेक डाक दिलेलीच असते आणि वाढवता येत नाही.

प्रश्न : ५१२ जीबीची एसएसडी काढून २ टीबीची घातली. पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला गेले तर ड्राइव्हची यादी रिकामी येते. बायोसमध्ये मात्र एसएसडी दिसते.
— एक वाचक, नेरुळ

बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅमला, दिसते म्हणजे एसएसडी ठीक आहे. तुमचा प्रोसेसर इंटेलचा असणार. त्यात व्हीएमडी नावाची, एसएसडी हाताळणारी व्यवस्था चालू असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये असेलच असं नाही. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल टाकून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर उतरवा. बहुतेक जण इथे अडकतात, कारण उतरलेली फाइल सेटअपची असते आणि ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून भागत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उलगडून आतला फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, मग रिकाम्या यादीखालच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही यादी भरते, पण नंतर कधी जुनी एसएसडी परत लावलीत तर तिच्यावरचं विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल.

पुढचा अडथळाही आत्ताच सांगून ठेवतो. विंडोज ११ मांडणीच्या वेळी इंटरनेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर तेव्हा नसतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम भागतं.

जुनी एसएसडी पुसू नका. नव्या विंडोज ११ लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय, आपोआप चालू झालेलं असतं. तिच्यावरच्या फाइली वाचायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात, ‘डिव्हायसेस’खाली सापडेल. कागदावर उतरवून कपाटात ठेवा. बायोस अपडेट करायच्या आधीही बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं असतं, नाहीतर लॅपटॉप चालू होताच ती की मागतो आणि रात्री अकराला ती शोधायची म्हणजे ताप.

जुन्या एसएसडीवर पातळ, निळसर किंवा करडा रबरी पॅड असेल तर तो नवीवर लावायला विसरू नका, उष्णता तोच बाहेर काढतो. ज्यांनी नव्याने विंडोज न टाकता जुनी एसएसडी क्लोन केली आहे, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवली आहे, त्यांना सी ड्राइव्ह वाढवण्याचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिका दिसतो. सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरीचा कप्पा आडवा आलेला असतो. क्लोन करतानाच तो शेवटी सरकवा. आणि २ टीबीच्या जागी १.८१ दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने.

प्रश्न : झाकण बंद करून बॅगेत टाकतो. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने तुर्भ्याला पोहोचेपर्यंत बॅग गरम होते आणि बॅटरी २० टक्क्यांनी उतरते.
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

झाकण बंद झालं की तुमचा लॅपटॉप झोपत नाही, नुसते डोळे मिटतो. हल्लीच्या लॅपटॉपांत ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं. फोनसारखं आतून इंटरनेट, अपडेट, मेल चालूच. बॅगेत हवा खेळत नाही, म्हणून अंग तापतं आणि पंखा फिरला तर आणखी बॅटरी खातो.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण बंद केल्यावर काय करायचं ते निवडता येतं. बॅटरीवर असताना ‘हायबरनेट’ ठेवा, म्हणजे चालू काम एसएसडीवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. यादीत हायबरनेट नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, जागा, तिरकी रेघ आणि ‘एच’, परत जागा आणि ‘ऑन’ असं लिहा (powercfg /h on). उघडताना थोडा वेळ जास्त लागेल, पण बॅग थंड राहील. चार्जिंग चालू असेल तर आधी केबल काढा, मग झाकण लावा आणि बॅगेत टाकण्याआधी दिवा पूर्ण विझू द्या. चार्जरवर झोपलेला लॅपटॉप केबल निघाल्यावरही जागाच राहू शकतो.

प्रश्न : गेम खेळताना तापमान ९५ अंशांवर जातं. कूलिंग पॅड घेऊ का, पेस्ट बदलून घेऊ?
— एक वाचक, खारघर

जोरदार कामाच्या वेळी ९०-९५ हे या वर्गातल्या लॅपटॉपांना नवं नाही. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिप १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. फ्रेम अचानक पडत असतील, म्हणजे गेम मध्येच अडखळत असेल, तरच काळजी करा. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, त्याला जाड पुस्तकही चालतं. गादीवर ठेवू नका. कंपनीच्या अ‍ॅपमधला ‘टर्बो’ सोडून ‘परफॉर्मन्स’ किंवा ‘बॅलन्स्ड’ लावून पाहा. बहुतेक गेममध्ये फरक डोळ्यांना दिसत नाही, कानांना दिसतो. कूलिंग पॅड यानंतरचा.

नव्या लॅपटॉपची पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर काढायला तिच्यावर लावलेला लेप, बदलू नका. काही मॉडेलांत पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो विजेचा वाहक आहे. एक थेंब बोर्डावर सांडला तर खेळ संपला.

प्रश्न : अ‍ॅडॉप्टर विटेएवढा आहे. ऑफिसला नेण्यासाठी टाइप-सीचा ६५ वॉटचा चार्जर चालेल?
— एक वाचक, वाशी

मेल, एक्सेल, मीटिंग यांना चालेल. गेमला किंवा रेंडरिंगला नाही: ग्राफिक चिपचा वेग आपोआप दाबला जातो, किंवा चार्जर लावलेला असतानाही बॅटरी उतरते. लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतं का, ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा, सगळी घेत नाहीत. घेत असेल तर १०० वॉटचा घ्या आणि केबलही १०० वॉटचीच. साध्या केबलवर तो ६० वॉटच्या पुढे जात नाही. चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असू द्या.

प्रश्न : दिवसभर प्लगला लावलेला असतो. बॅटरी फुगेल का?
— एक वाचक, कळवा

१०० टक्के चार्ज आणि उष्णता एकत्र आली की लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती लावा. प्रवासाच्या आदल्या रात्री काढा. टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं किंवा झाकण नीट बसेना झालं, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. टोचून, दाबून बघू नका.

प्रश्न : १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला, पण माउस अडखळतो.
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

सेटिंग्ज, डिस्प्ले, ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’. वर मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, बघा. तिथे ६० असेल, तो बदला. यादीत १६५ नसेलच तर केबल जुनी आहे किंवा मॉनिटरच्या त्या पोर्टची मर्यादा तेवढीच आहे. डिस्प्ले-पोर्टची केबल लावून पाहा.