घरात पिढ्यान्‌पिढ्या दिलं जाणारं काविळीचं झाडपाल्याचं औषध शास्त्रीय पद्धतीने तपासून घ्यायचं असेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांपासून तुमच्या घरी काविळीचं औषध देतात. भुईआवळी आणि आणखी एका वेलीचा ताजा रस, ताकातून, तीन दिवस सकाळी उपाशीपोटी. पैसे घेत नाही, शेकडो माणसं बरी झाली, आणि आता हे लॅबमधून सिद्ध करून घ्यायचंय. दुसऱ्या वेलीचं नाव तुम्ही इथे लिहिलं नाही, ते बरंच केलंत. त्याचं कारण पुढे सांगते.

मी फार्मसी कॉलेजात वनौषधींचा विषय शिकवते. अर्क काढणं आणि तपासणं हेच रोजचं काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लॅबमध्ये बाटली दिली आणि 'औषध सिद्ध' असं प्रमाणपत्र मिळालं, असं होत नाही. बाटलीत शिसं किती, बुरशीचं विष आहे का, जंतू किती हे लॅब सांगेल. कावीळ जाते की नाही हे त्या कागदावर कधीच येणार नाही. त्यासाठी आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: 'कावीळ' म्हणजे नेमकं काय, आणि 'औषध' म्हणजे नेमकं काय. माझ्या अनुभवात निम्मं संशोधन या दोन्हींत ढिलाई राहिल्यामुळे वाया जातं.

आधी कावीळ. कावीळ हा आजार नाही, लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढलं की डोळे पिवळे होतात, मग ते कशानेही वाढलेलं असो. आपल्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्यातून होते ती बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई. धडधाकट माणसाची ही कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. हिपॅटायटिस बी आणि सीची गोष्ट वेगळी. पित्तनलिकेत खडा अडकून झालेल्या काविळीची आणखी वेगळी, तिथे खडा निघाल्याशिवाय काही उतरत नाही. कोकणात लेप्टोस्पायरोसिस या उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या जिवाणूंच्या आजारानेही डोळे पिवळे होतात आणि तिथे अँटिबायोटिकला उशीर झाला तर जिवावर बेततं.

म्हणून 'शेकडो बरे झाले' हे वाक्य मी नाकारत नाही, पण त्यावरून औषधाबद्दल काहीच कळत नाही. ते शेकडो तसेही बरे होणार होते का, हा प्रश्न उरतोच. काविळीच्या गावठी उपायांमध्ये दिसणारे 'पुरावे' तर फारच फसवे असतात. गळ्यात घातलेली माळ रोज लांबत जाते, कारण ओल्या काड्या वाळतात आणि गाठी सैल पडतात. नाकात घालायच्या थेंबांनी पिवळं पाणी वाहतं, पण ती कावीळ नसून भाजून निघालेल्या नाकाच्या आतल्या त्वचेचा स्राव असतो. तुम्ही यातलं काही करत नाही, साधा रस देता, हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

आता औषध. भुईआवळी म्हणून आपण जी उपटतो ती दरवेळी तीच वनस्पती असते का? शेताच्या बांधावर एकमेकींसारख्या दिसणाऱ्या तीन-चार जाती शेजारीशेजारी उगवतात. फांदी उलटी करून पाहा. पानांच्या खाली ओळीने लोंबणारी फळं गुळगुळीत आणि छोट्या देठावर असतील तर ती बहुधा फायलँथस अमारस. फळं खरखरीत आणि देठाशिवाय फांदीला चिकटलेली असतील तर ती फायलँथस युरिनारिया. काष्ठौषधींच्या दुकानातल्या वाळलेल्या जुडीत तर या सरमिसळ सापडतात आणि वाळल्यावर डोळ्यांनी ओळखणं फार अवघड जातं.

म्हणून पहिलं काम लॅबचं नाही, तुमचंच आहे. दोन्ही वनस्पती मुळं, फुलं, फळं यांच्यासकट काढा. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा आणि कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. सोबत चिठ्ठीवर गाव, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. हे नमुने पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवायला नेता येतात. तिथे शास्त्रीय नाव ठरतं आणि नमुन्याला नोंद क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसेल तर पुढची कुठलीही चाचणी कोणत्या झाडावर केली हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही.

यानंतर अर्क, आणि इथे माझी एक जुनी तक्रार आहे. एम.फार्म.च्या प्रबंधांमध्ये ठरून गेलेली पद्धत अशी: वाळलेली पावडर सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकाने अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात) टाका, मिथेनॉल या विषारी अल्कोहोलवर तासन्‌तास चालवा, अर्क आटवा, उंदरांना द्या. पेपर छापून येतो. पण गावात मिथेनॉलमधून औषध कोण घेतं? तुमचे आजोबा ताजा रस ताकातून देत होते. पाण्यात उतरणारे घटक वेगळे, अल्कोहोलमध्ये उतरणारे वेगळे, आणि काही उष्णतेने मोडतात. चीनमध्ये थू योयो यांच्या गटाला हिवतापावरच्या वनस्पतीच्या अर्काचे निकाल कधी चांगले, कधी शून्य असे मिळत होते. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात ती वनस्पती उकळायची नाही, पाण्यात भिजवून पिळायची असं लिहिलेलं होतं. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये प्राण्यांमधल्या हिवतापावर तो पूर्ण लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ चं नोबेलही.

म्हणून कॉलेजात गेलात तर आग्रह धरा की घरी देता तसाच रस आधी तपासला जावा. वर्षभर टिकेल असं वाळवलेलं रूप त्याच्या जोडीने करता येईल. रस नेमका किती पाल्याचा, किती मिलिलिटर, हे मोजून ठेवा. 'मूठभर' हे माप तुमच्या आणि आजोबांच्या मुठीत सारखं नसतं. आणि एकदा एचपीटीएलसीवर, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, त्याचा पट्ट्यांचा आलेख काढून ठेवा. पुढच्या पावसाळ्यातल्या रसाचा आलेख शेजारी ठेवला की भुईआवळीतले फायलँथिनसारखे घटक तितकेच आहेत का ते दिसतं. जमीन आणि हंगाम बदलला की हे प्रमाण बदलतं.

प्राण्यांवरची चाचणी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून ती नोंदणीकृत प्राणीगृह असलेल्या कॉलेजातच होते. आधी विषाक्तता. तीन माद्या उंदरांना एक डोस देऊन चौदा दिवस पाहतात, गरजेप्रमाणे पायरी वर-खाली करतात, आणि वरची पायरी साधारणपणे किलोला २००० मिलिग्रॅम. मग यकृताची चाचणी: उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड किंवा जादा पॅरासिटॅमॉल देऊन यकृत बिघडवतात, काहींना तुमचा अर्क, काहींना तुलनेसाठी सिलिमारिन हे यकृतासाठी वापरलं जाणारं वनस्पतिजन्य औषध देतात आणि रक्तातली एसजीपीटी, एसजीओटी ही यकृताला इजा झाली की वाढणारी विकरं आणि बिलिरुबिन मोजतात. शेवटी यकृताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

निकाल चांगला आला की सगळे खूश होतात, पण त्याचा अर्थ एवढाच की एका रसायनाच्या विषापासून उंदराचं यकृत काही प्रमाणात वाचलं. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला विषाणू झालेला असतो. डोसचं गणितही करून बघा. पेपरात 'किलोला ४०० मिलिग्रॅम' असं असतं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचा (रॅटचा) डोस माणसासाठी काढताना ढोबळपणे ६.२ ने भागतात, म्हणजे किलोला सुमारे ६५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ते जवळजवळ चार ग्रॅम सुका अर्क झालं. वनस्पतीतून दहा टक्के अर्क उतरतो असं धरलं तर रोज चाळीसेक ग्रॅम वाळलेला पाला. तुमच्या वाटीभर रसात तेवढं असतं का? नसेल तर उंदरांवरचा तो निकाल तुमच्या औषधाबद्दल बोलतच नाही.

खरा निवाडा माणसांवरच्या चाचणीत होतो, आणि तुमच्या भुईआवळीचीच गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्या लोकांना महिनाभर भुईआवळीची पावडर दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, आणि नुसती खोटी कॅप्सूल घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. हा विषाणू ज्यांनी शोधून काढला ते नोबेलविजेते ब्लमबर्गही त्या अभ्यासात होते. जगभर खळबळ उडाली. मग १९९० मध्ये थायलंडमध्ये हीच वनस्पती अशाच लोकांना दिली गेली आणि तसा परिणाम दिसला नाही. वनस्पतीचा वाण वेगळा होता का, जमीन वेगळी होती का, की पहिल्या गटांतच काही फरक होता, यावर पुष्कळ वाद झाले. पहिले संशोधक खोटे होते असं मी मुळीच म्हणत नाही. पण एवढ्या काटेकोर अभ्यासाचा निकाल जिथे दुसरीकडे टिकला नाही, तिथे आपल्या अंगणातल्या अनुभवाने निश्चिंत होऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

गुळवेलीचं आपल्या मुंबईतलं उदाहरण याहून जवळचं. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी अडथळ्याच्या काविळीच्या (पित्तनलिका अडल्यामुळे होणाऱ्या) ३० रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचं प्रमाण गुळवेल न दिलेल्या गटात ४० टक्के, गुळवेलीच्या गटात ९२ टक्क्यांवर. आणि २०२१ मध्ये त्याच मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने विचारलं की ती गुळवेलच होती का, कारण तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल बाजारात मिळते. पुढच्या वर्षी निरनिराळ्या शहरांतल्या रुग्णालयांनी मिळून आणखी रुग्णांची नोंद केली. एकाच वेलीचं नाव यकृत वाचवल्याबद्दलही येतं आणि बिघडवल्याबद्दलही. ती कोणाला, किती दिली आणि मुळात ती होती का, यावर सगळं ठरतं. म्हणून वर्तमानपत्राच्या घडीत दाबलेल्या त्या नमुन्याबद्दल मी इतकं लिहिलं.

माणसांवर चाचणी तुम्ही स्वतः करायची नाही, पण तिची तयारी आजच करता येईल. एक वही घाला. येणाऱ्या प्रत्येकाकडे रक्ताचा रिपोर्ट मागा, नसेल तर आधी तपासणी करून यायला सांगा. बिलिरुबिन, एसजीपीटी आणि कावीळ कशाची हे लिहा. दोन आणि चार आठवड्यांनी फोन करून पुन्हा आकडे घ्या. जे परत आले नाहीत त्यांना तर आवर्जून फोन करा. आपल्याला आठवतात ते पेढे घेऊन आलेले, आणि दवाखान्यात गेलेले कुठेच मोजले जात नाहीत. अशी दोन पावसाळ्यांची वही घेऊन तुम्ही एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात गेलात तर लोक तुमचं म्हणणं गंभीरपणे ऐकतील. केईएममध्ये आयुर्वेद संशोधन केंद्रही आहे. पुढे नैतिकता समितीची मंजुरी, सीटीआरआय या माणसांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी आणि मग दोन गटांची रीतसर चाचणी. औषध म्हणून परवाना हवा असेल तर एक वाट आयुषची, म्हणजे आयुर्वेदिक औषधाची, आणि दुसरी २०१५ च्या नियमाने आलेली फायटोफार्मास्युटिकलची, म्हणजे प्रमाणित वनस्पती-अर्काच्या औषधाची. त्या वाटेवर शुद्ध केलेल्या अर्कातले किमान चार घटक मोजून दाखवावे लागतात. ती वाट लांब आणि खर्चिक आहे, एकट्या कुटुंबाला झेपणारी नाही.

आता दुसऱ्या वेलीच्या नावाबद्दल. असं नाव जाहीर लिहिलं की दुसरं कुणीही ते उचलून त्यावर हक्क सांगू शकतं. पारंपरिक ज्ञानावर आपल्या कायद्याने पेटंट मिळत नाही, पण बाहेर असे प्रयत्न झालेले आहेत. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. तिथे लेखी पुरावा कामाला आला. म्हणून तुमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद) असेल, तिच्याबद्दल विचारा, आणि काय गुप्त ठेवायचं ते आधी ठरवून नोंद करा. कॉलेजशी काम सुरू करतानाही कोणाचा हक्क किती याचा लेखी करार आधी करा, रस नंतर द्या.

आणि हे सगळं होईपर्यंत काही माणसांना औषध न देता थेट दवाखान्यात पाठवा: गरोदर बाई (हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर उठू शकतो), असंबद्ध बोलणारा किंवा सारखा झोपाळलेला रुग्ण, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त जाणारा, ताप आणि पोटात कळ असलेला, आणि तीन-चार आठवडे होऊनही पिवळेपणा न उतरलेला. रोज दारू घेणाऱ्यालाही.

तुमचा जिल्हा कोणता ते कळवलंत तर जवळच्या कोणत्या कॉलेजात प्राणीगृह आणि एचपीटीएलसी दोन्ही आहेत ते शोधून सांगेन. भुईआवळीला फळं धरलेली असतानाच नमुने काढून ठेवा, पाऊस संपला की ती वाळून जाते.