मुंबई ते ऑकलंड: अंतर किती, तास किती आणि दुबईवरून जावं का

तुम्ही जानेवारीत बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन ऑकलंडला शिफ्ट होताय आणि विचारलंय की प्रवास नक्की किती तासांचा, आणि दुबईवरून तिकीट जरा स्वस्त मिळतंय तर घ्यावं का. मी इथे ऑकलंडला बरीच वर्षं आहे, आईबाबा अजून डोंबिवलीत, त्यामुळे हा रूट आता पाठ झालाय.

दुबई नको. लहान मूल बरोबर असताना तर अजिबात नको.

मुंबई-ऑकलंड सरळ अंतर साधारण १२,३०० किमी, डायरेक्ट फ्लाइट नाहीये. मुंबई-सिंगापूर ३,९०० किमी, साडेपाच तास धरा, पुढे सिंगापूर-ऑकलंड ८,४०० किमी, दहा तास. बेरीज करून बघा, परत १२,३००च येतात, म्हणजे सिंगापूर बरोब्बर वाटेवरच आहे. दुबईला जायचं म्हणजे आधी तीन तास उलटं पश्चिमेला आणि मग तिथून १४,२०० किमी, सलग सोळा तास सीटवर. एकूण ३,८०० किमी जास्तीचे, ते पोरीला कशाला? सिंगापूरला मधे चार तास मिळाले तर ती चांगी एअरपोर्टच्या प्ले एरियात मस्त पळेल, पाय मोकळे होतील, दुसऱ्या फ्लाइटला झोपेल तरी. तासाभराचं कनेक्शन मात्र घेऊ नका.

तिकिटावरची तारीख बघून दचकू नका. जानेवारीत इथलं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असतं (एप्रिल ते सप्टेंबर साडेसहा), म्हणजे सोमवारी रात्री साडेअकराला मुंबई सोडली आणि मधे चार तास थांबलात तर साडेएकोणीस तासांनी पोचता, पण इथे बुधवारचे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. परतीला वारा समोरून असतो, तेव्हा थोडं जास्तच लागतं.

आता खाऊ. आई देईल ते सगळं न्यूझीलंडमधे येताना भरायच्या फॉर्मवर डिक्लेअर करा, सगळं म्हणजे मसालेसुद्धा. माझ्याकडे थालिपिठाची भाजणी होती साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, ऑफिसरने उघडली, वास घेतला, भाजलेलं पीठ आहे सांगितल्यावर जाऊ दिलं, कारण आधीच लिहिलं होतं. न लिहिता सापडलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड जागच्या जागी, विमानातलं उरलेलं सफरचंद पर्समधे राहिलं तरी. मध आणि ताजी फळं आणूच नका, बुटांना माती असेल तर धुऊन घ्या.

आणि दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवू नका, एकाच बुकिंगवर घ्या, नाहीतर सिंगापूरला बॅगा घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि मग व्हिसाचा प्रश्न येतो. सहारला टी-टूवर चेक-इन करताना बॅगेच्या टॅगवर एकेएल (ऑकलंडचा कोड) छापलंय ना ते तिथेच बघून घ्या, मगच काउंटर सोडा.