टिपूसही आलं नाही

‘रिपोर्टमध्ये काही नाही, मग हे मनाचंच ना?’ सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कितीदा आला, मोजणं सोडलंय. म्हणून तासगावकडच्या एका पंचेचाळिशीच्या बाईंची गोष्ट सांगते, ओळख बदलून.

थकवा, सांधेदुखी, टेन्शनच्या गोळ्या चालू.

“सासूबाई गेल्या. लेकीसारखं केलं त्यांनी मला. पण टिपूसही आलं नाही. भावकी म्हणते, सून दगडाची. झाले का हो मी दगड?”

गोठलेलं दुःख, मी मनात नोंदवून टाकलं. दोन बैठका त्याच वाटेनं गेल्या. तिसऱ्यांदा नवरा आला, बेदाण्याच्या शेडवरून थेट. सहज बोलला, “भाकरीचा घास हिला पाण्याबिगर उतरत नाही. रात्री उशाला तांब्या लागतो.”

मी विचारलं, “कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं?”

त्या थबकल्या. “नाही येत. दोन वर्षं तरी झाली.”

वही मिटली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा. यांची ३ भिजली. पुढे संधिवाततज्ज्ञांकडे रक्ततपासणी झाली आणि नाव कळलं: शोग्रेन. शरीराचीच संरक्षक यंत्रणा अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. १९३३ साली हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं त्यावर प्रबंध लिहिला. रुग्णांत बायकाच फार.

हा आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब, लागलीच तर लाळ वाढवणारी पिलोकार्पिन, सांध्यांसाठी बऱ्याचदा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ती चालू असेल तर डोळे नियमित तपासून घ्यायचे. लाळ कमी म्हणजे दात किडणार, तेव्हा दाताच्या डॉक्टरांना टाळू नका. कानाखालची सूज उतरत नसेल तर लगेच दाखवा. क्वचित ती लिंफोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची असते. नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड आणखी सुकतं. यांचीही गोळी तसलीच निघाली, डॉक्टरांनी बदलली. आपल्या मनानं मात्र बंद करू नका.

माझा सगळा भरवसा ऐकण्यावर. पण ऐकायचं ते फक्त मनाचं, हा नियम मी स्वतःला कधी घालून घेतला कोण जाणे! कांद्याचा प्रश्न आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगते.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला बाईंच्या डोळ्यांत थेंब घातले ते जाऊबाईंनी. ‘दगड’ म्हणणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या.