पाण्यावर उतरता येत होतं, मग पहिल्या महायुद्धातल्या उडत्या बोटींना, म्हणजे बोटीसारख्या पोटाच्या विमानांना, इंजिन बंद पडायची भीती कसली? आणि त्यांनी जर्मन पाणबुड्या बुडवल्या तरी किती?

इंजिनापेक्षा पेट्रोलच्या पाईपची भीती जास्त होती.

ब्रिटिशांची फेलिक्सस्टो एफ.२ए घ्या. रोल्स-रॉइस ईगल ८ ची दोन इंजिनं, प्रत्येकी साधारण ३४५ अश्वशक्तीची. पेट्रोलच्या मोठ्या टाक्या बोटीच्या पोटात. वाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या पंख्यांचे पंप तिथलं पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीत चढवायचे, आणि तिथून ते स्वतःच्या वजनाने इंजिनात उतरायचं. पंप अडला किंवा पाईप तडकला की ठणठणीत इंजिनही गप्प.

४ जून १९१८ ला वैमानिक रॉबर्ट लेकीच्या हाताखाली चार एफ.२ए आणि एक कर्टिस एच-१२ (अमेरिकी बनावटीची उडती बोट) डच किनाऱ्याकडे निघाल्या. जर्मन विमानं भिडायच्या आधीच एका एफ.२एचा पाईप तुटला. ती उतरली, पाण्यावरूनच रखडत किनाऱ्याला लागली, आणि तिथे माणसांनी ती स्वतः जाळली. हॉलंड तटस्थ, त्यामुळे ते तिथेच स्थानबद्ध झाले. बाकीच्या लढल्या, पण लेकीने अहवालात खापर फोडलं ते पेट्रोलच्या पाईपांवर. त्यानंतर बोटींवर भडक पट्टे रंगवायला लागले, म्हणजे उतरलेली बोट लाटांत लांबून दिसेल आणि कोणती कोणाची तेही कळेल. निरोपाला कबुतरं असायचीच.

उतरल्यावर पुन्हा उडणं ही वेगळीच परीक्षा. एफ.२एचा रचनाकार जॉन पोर्टने कर्टिसचा कमकुवत तळ बदलून खोल व्ही आकाराचा, दोन पायऱ्यांचा (आडव्या टप्प्यांचा) तळ दिला. वेग आला की बोट पायरीवर चढते, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि पाण्याची ओढ सुटते. पायरीवर येण्याआधीच नाक जबरदस्तीने उचललं तर शेपूट पाण्यात घसटते आणि वेग मरतो. समुद्र आरशासारखा असला तर तळ सुटता सुटत नाही. हलक्या लहरी बऱ्या. लाटा मोठ्या असल्या तर उडायचं नावच काढू नका. त्यात लाकूड पाणी पितं, म्हणजे बोट दिवसेंदिवस जड.

आता पाणबुड्या. निव्वळ बुडालेल्यांचा आकडा मागणाऱ्यांचा मला जाम कंटाळा आलाय. एप्रिल १९१७ पासून उत्तर समुद्रातल्या नॉर्थ हिंडर दीपनौकेभोवती (दीपस्तंभाचं काम करणारं नांगरलेलं जहाज) गस्तीचं 'कोळ्याचं जाळं' आखलं होतं: ३० सागरी मैलांचे आठ आरे, साधारण ४००० चौरस मैल पाणी. पृष्ठभागावरून जाणाऱ्या पाणबुडीला ते ओलांडायला दहा-एक तास लागायचे. एक बोट पाच तासांत त्याचा चौथा भाग धुंडाळायची. विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारणार. पाण्याखाली ती बॅटरीवर, वेग थोडा, आणि जहाजाचा पाठलाग तिथेच संपला. गस्तीचं काम झालं! हे कुठल्याच आकड्यात बसत नाही.

हां, युद्धकाळातले बरेच दावे नंतर खोटे ठरले, हे मान्य. सप्टेंबर १९१७ मध्ये बुडालेली जर्मन पाणबुडी यूबी-३२ सहसा विमानाच्या खात्यावर धरतात. पण १४ मे १९१७ ला इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथ तळावरच्या एच-१२ ने एल-२२ झेपेलिन (जर्मन हवाई जहाज) पाडलं, यात वाद नाही. ती एच-१२ होती, एफ.२ए नव्हे, वर पोर्टने बदलला म्हटलं तो कमकुवत तळ तिचाच.