आजीबद्दल लिहितोयस ना, मग आधी तिची वही उघड

बाळा,

तू पाठवलेली चार पानं मिळाली, दोनदा वाचली. वर्षश्राद्धाला आजीवर छोटी पुस्तिका काढायचं तुम्ही घरच्यांनी ठरवलंत ते फार चांगलं केलंत, आणि लिहायचं काम तुझ्याकडे आलं याचा मला मनापासून आनंद झाला. पण एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. प्रेमळ, मायाळू, कष्टाळू, सगळ्यांना आपलं मानणारी, हे सगळं खरंच आहे रे, पण तिचं नाव काढून दुसऱ्या कुणाच्या आजीचं नाव घातलं तरी ती पानं तशीच चालतील. तुझी आजी काय करायची ते लिही. तिची माया त्या कामातच होती, वेगळी सांगावी लागणार नाही.

तुझा जन्म झाला तेव्हा आजीची खानावळ बंद होऊन जमाना झाला होता, म्हणून जरा सविस्तर सांगते. मुंबईतल्या कापड गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, सकाळी सातला पहिली, दुपारी साडेतीनला दुसरी, रात्री बाराला तिसरी. कोकणातून, घाटावरून आलेले बाप्ये बायकापोरं गावी ठेवून इथे एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, एक जण कामावर गेला की त्याच्या जागेवर पाळीवरून आलेला आडवा व्हायचा. झोपायचं असं भागायचं, पण जेवणाचं काय? ते बघायच्या तुझ्या आजीसारख्या बायका. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड, चाळीचाळीत अशा खानावळी होत्या. पाटी नाही, काही नाही, तीच राहती खोली, मोरीच्या कडेला दोन स्टो, आणि नवरा-पोरं धरून सगळ्यांची जेवणं तिथेच. दुसऱ्या पाळीची माणसं रात्री बारानंतर यायची, त्यांची ताटं झाकून ती जागी राहायची, आणि पहाटे परत भाकऱ्या थापायला उठायची. कधी झोपायची हे मला अजून कळलेलं नाही.

त्यात बदली कामगार असायचे, हे नक्की लिही. त्यांना कायमचं काम नसायचं, रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असलं तर घेणार नाहीतर परत. महिन्याचे पैसे कधी पुरे, कधी अर्धे. आजीने त्यांचं ताट कधी वेगळं केलं नाही. कायम नोकरीवाल्याला बांगड्याचा जो तुकडा तोच बदलीवाल्याला, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, शाळेतून आले की मी तिथे वाढायला बसायचे, डोळ्यांनी बघितलंय.

आता वहीचं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही आहे, तुझ्या मामाकडे लोखंडी कपाटात असेल, माग. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं हे तुला माहीत आहे. मग हिशेब कोण लिहायचं? ज्याचं देणं त्यानेच लिहायचं! प्रत्येक पानावर वेगळं अक्षर आहे, कुणाचं मोडी वळणाचं, कुणाचं शाळकरी पोरासारखं, कुणी नुसते आकडे आणि खाली सही. गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी गेलं की खाडे किती ते पण ज्याने त्याने मांडायचं. ती वाचू शकत नव्हती आणि हे सगळ्यांना माहीत होतं, तरी वही त्यांच्याच हातात द्यायची. माझ्या मते पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं पान हेच व्हायला पाहिजे. फोटो घाल, निदान दोन पानांचे, ती वेगवेगळी अक्षरं दिसतील असे.

आणि ही पण एक बाजू आहे की ती एकटी नव्हती. या बायकांना किराणा उधार घ्यावा लागायचा, दागिने गहाण ठेवायचे, सावकाराचं व्याज भरता भरता जीव जायचा. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेली, पुढे २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मंडळामुळे या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळायला लागलं, दागिना न ठेवता, एकमेकींच्या जामिनावर. तुझी आजी त्यात होती. शेजारणीचा हप्ता अडला की स्वतःच्यातून भरायची, आणि परत मिळेपर्यंत त्या बाईसमोर विषय काढायची नाही. तू "समाजकार्याची आवड होती" असं एका ओळीत उरकलंयस. आवड कसली रे, शेजारीण बुडाली तर आपण पण बुडू हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ते ती हसतमुखाने करायची.

मग संप. १८ जानेवारी १९८२, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांनी पुकारलेला गिरण्यांचा संप. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. वहीत बघ, त्या तारखेनंतर जमा जवळपास दिसणार नाही, नुसती बाकी चढत गेलीय. बरेच जण गावाला निघून गेले, जे राहिले ते तिच्याकडेच जेवत होते, आधी मासे बंद झाले, मग भात कमी, मग नुसती भाकरी आणि पातळ आमटी, पण ताट बंद नाही. काहींनी चार-पाच वर्षांनी गावाहून मनीऑर्डरी पाठवल्या, त्यांच्या पावत्या त्याच वहीत खोचलेल्या आहेत. बऱ्याच जणांकडून काहीच आलं नाही. ते पण लिही, पण त्यांना नावं ठेवू नकोस, ती कधी ठेवत नव्हती.

एक अवघड गोष्ट राहिली. तुझ्या आईशी बोल. ती आणि तुझी सख्खी मावशी पहाटे पाचला उठून पीठ मळायच्या, कांदे चिरायच्या, मग शाळेत जायच्या, अभ्यास करायला खोलीत जागा नाही म्हणून जिन्यावर बसायच्या. तिच्या मनात राग असेल. इतक्या माणसांना वाढणाऱ्या आईने आपल्याशी कधी निवांत बसून गप्पा मारल्या नाहीत असं तिला वाटत असेल, आणि ते खरं आहे. आईला हे विचारताना घाई करू नकोस, रेकॉर्डिंग लावू नकोस, ती भाजी निवडत असली की सहज विषय काढ. ती म्हणाली लिही तर लिही, म्हणाली नको तर नको. पण विचारल्याशिवाय पुस्तिका छापायला देऊ नकोस, कारण आजीने जे वाटलं त्यातलं बरंचसं या दोन पोरींच्या वाट्याचं होतं.

बाकी तिचा जन्म कधी, लग्न कधी, किती नातवंडं, हे एका पानात आटप.

पुढच्या रविवारी मोकळा राहा. तिच्याकडे जेवणारे एक काका नायगावला मुलाकडे असतात, ऐंशीच्या पुढचे आहेत, कानाने कमी झालेत पण आठवण अगदी शाबूत. मी त्यांना फोन करून ठेवते. दुपारी ते झोपतात, त्यामुळे अकराच्या आत पोचायला हवं. मूळ वही बरोबर आणू नकोस, पानं सुटायला लागली असतील, झेरॉक्स काढून आण आणि त्यांना त्यांचं पान शोधायला सांग.

तुझी,
मावशी