कपाळावरच्या पट्टीमागचं करिअर

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्या कपाळावर एक पट्टी चिकटवली होती. भुलीचा मेंदूवर किती परिणाम झालाय ते यावरून कळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शुद्धीवर येताना मात्र तो जवळजवळ अर्धा तास हातपाय झाडत होता, मला ओळखतही नव्हता. मोठी मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. त्या दिवसापासून तिचं एकच चाललंय, हेच शिकायचं. याचा कोर्स कुठे असतो? एमबीबीएस करावंच लागेल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी मुलाबद्दल. सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू दिल्यावर लहान मुलं अशी बिथरून उठणं पुष्कळदा होतं, विशेषतः पाचेक वर्षांपर्यंतच्या वयात. ते बहुधा आपोआप शांत होतं. त्यावरून कोणाची चूक झाली असा अर्थ काढू नका.

आता मुलीचं. फक्त मेंदूच्या मॉनिटरिंगची पदवी शोधत बसू नका. हे काम भूलतज्ज्ञ, ओटीतला तंत्रज्ञ आणि यंत्र घडवणारा इंजिनिअर अशा तिघांत वाटलेलं आहे. तिचा ओढा यातल्या कोणाकडे आहे हे कळायला त्या पट्टीचं नेमकं काय होतं ते तिला माहीत हवं.

पट्टीत साधारण चार इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारे छोटे गोल असतात. ते मेंदूचे विद्युत तरंग, म्हणजे ईईजी टिपतात. हे तरंग व्होल्टच्या काही लाखांश भागांएवढे बारीक, म्हणून कपाळ स्वच्छ लागतं. आपल्याकडे मुलाच्या डोक्याला तेल, चेहऱ्याला पावडर आणि कपाळाला तीट असतेच. ते सगळं पुसायचं, स्पिरिट लावायचं, पूर्ण सुकू द्यायचं आणि मग एकेक गोल पाच सेकंद दाबून धरायचा. घाई केली की संपर्क कच्चा राहतो आणि मॉनिटर भलतेच तरंग दाखवतो. जागेपणी मूल पट्टी लावूच देत नाही. त्यामुळे ती बहुतेक वेळा मास्कने झोपवल्यावर लागते आणि जागेपणीची रेघ तुलनेला मिळत नाही.

मॉनिटरवर ० ते १०० मधला आकडा येतो. बीआयएस या प्रचलित यंत्रात ४० ते ६० म्हणजे पुरेशी भूल. अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेल्या या यंत्राचं गणित मोठ्या माणसांच्या ईईजीवर बसवलेलं आहे. मुलांच्या बाबतीत खरी गोम इथे आहे. नवजात बाळाला सेव्होफ्लुरेन दिलं की मुख्यतः संथ डेल्टा तरंग दिसतात. सेकंदाला ८ ते १२ वेळा हलणारे अल्फा तरंग चौथ्या महिन्याच्या आसपास उमटू लागतात आणि मोठ्यांसारखे कपाळाकडे एकवटायला वर्ष सरत येतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. तिथे मूळ रेघ आणि तिच्याखालचा रंगीत पट वाचावा लागतो. या पटात आडवा वेळ, उभी तरंगांची गती आणि रंगात त्यांचा जोर दिसतो. रेघ काही सेकंद सपाट होऊन मध्येच उसळी मारत असेल, तर भूल फार खोल गेली आहे.

आकडा फसवतोही. केटामाइन हे भुलीचं औषध दिलं की मूल गाढ झोपेत असूनही तो चढतो. नवखा माणूस ते पाहून औषध वाढवतो, आणि तिथेच चुकतो. कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायला विजेने डागणारं उपकरण, चालू असताना, गरम हवेचा ब्लोअर कपाळाशी आला की, किंवा कपाळाचा स्नायू ताणला की रेघ बिघडते. शिवाय आकडा १५–३० सेकंद मागे असतो.

मग एवढा खटाटोप कशाला? एरवी वायू एका प्रमाणित मात्रेच्या हिशोबाने देतात. चीर देताना निम्मे पेशंट हलत नाहीत, ती ही मात्रा. सेव्होफ्लुरेनची ही मात्रा सहा महिन्यांपुढच्या मुलांत सुमारे २.५ टक्के, चाळिशीच्या माणसात २ टक्क्यांच्या आसपास. पण हलणं थांबतं ते मुख्यतः मज्जारज्जूच्या पातळीवर. मेंदू किती झोपलाय हे त्यातून कळत नाही. जपानमध्ये १ ते ६ वर्षांच्या १७७ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ईईजी पाहून वायू कमी-जास्त केलेल्या गटात २१ टक्के मुलं बिथरून उठली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ३५ टक्के. फरक मोलाचा आहे, पण २१ टक्केही थोडे नाहीत.

औषध किती द्यायचं हे ठरवायचं असेल, तर एमबीबीएसला पर्याय नाही. नीट, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, नीट पीजी, मग तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी ॲनेस्थेशिया. त्यापुढे लहान मुलांच्या भुलीची फेलोशिप किंवा न्यूरोॲनेस्थेशियातलं डीएम. बारावीनंतर किमान साडेआठ वर्षं. घरात हे मोकळेपणाने बोला.

तंत्रज्ञाची वाट आखूड आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीत भूल तंत्रज्ञाची शाखा आहे. बारावीला जीवशास्त्र लागतं. पट्टी नीट बसवणं, भुलीचं मशीन रोज तपासणं, बिघाड ओळखणं ही कामं त्याची. कणा किंवा मेंदूच्या ऑपरेशनमध्ये नसांचे संदेश सतत तपासणारे न्यूरोफिजिऑलॉजी तंत्रज्ञही असतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा व्यवसायांच्या नोंदणीची चौकट घातली आहे. प्रवेश घेताना कॉलेजची मान्यता आणि तिथल्या ओटीत मुलांची ऑपरेशन्स होतात का, हे विचाराच. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, छोट्या हॉस्पिटलांत ही पट्टी अजून नेहमीची नाही. ती एकदा वापरून टाकायची असते आणि स्वस्त नाही. नोकरी मिळेल ती भूल तंत्रज्ञ म्हणूनच.

मुलांसाठी नवं गणित लिहायचं असेल, तर बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग, मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बायोमेडिकलमध्ये एमटेक. माझ्या मते हे दार पालक विनाकारण बंद ठेवतात. लहान मुलांचा आकडा फसतो, आणि तो सुधारायला याच लोकांची गरज आहे.

दोन्ही विषय असल्याने तिने नीट आणि सीईटीचा पीसीएम गट, दोन्ही द्यावेत. गणित आत्ता सोडू नये. परीक्षा संपल्यावर सोलच्या नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने खुला केलेला व्हायटलडीबी हा डेटा बघावा. त्यात सहा हजारांहून जास्त ऑपरेशन्सच्या नोंदी आहेत, बऱ्याच जणांचा ईईजीही आहे. पेशंट बहुतेक मोठी माणसं आहेत, पण सुरुवातीला चालेल. थोडं पायथन हे प्रोग्रॅमिंग शिकून एका पेशंटची रेघ काढावी, आकडा झाकावा, आणि सपाट झालेली जागा नुसत्या डोळ्यांनी सापडते का ते बघावं.